बसवाल्या ग्लेनिसचा नकार

हॅल्डनशॉ टाउन हा फुटबॉल क्लब ग्लेनिस ओल्डरॉइडने बुडवला, असं आमच्या गावात अजूनही म्हणतात. काही जण रागाने म्हणतात, काही जण हसू दाबून. खरं काय ते मला माहीत आहे, कारण त्या काळात मी आठवड्यातून दोन दिवस तिच्या बसच्या कचेरीत हिशेब लिहायला जात असे. नवऱ्याच्या नोकरीपायी मी इथे इंग्लंडमध्ये आले त्याला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. ग्लेनिसला 'सुनंदा' म्हणणं काही जमेना, म्हणून ती मला 'सू' म्हणायची. मीही कधी दुरुस्त केलं नाही.

ग्लेनिस आणि तिचा नवरा हेडन यांच्या पाच बस होत्या. शाळांच्या सहली, लग्नाची वऱ्हाडं, म्हाताऱ्यांच्या समुद्रकाठच्या फेऱ्या, असा त्यांचा धंदा. आणि दर पंधरवड्याला हॅल्डनशॉ टाउनच्या संघाला परगावच्या सामन्यासाठी न्यायचं. संघाची बस बावीस वर्षं हेडननेच चालवली, संघ अगदी खालच्या लीगमध्ये चिखलात लोळत होता तेव्हापासून. संघ हरला की परतीच्या वाटेवर तो रेडिओ लावत नसे. जिंकला की एका ठरलेल्या दुकानाशी बस थांबवून पोरांना मासे आणि चिप्स खाऊ देई. ग्लेनिस त्याच्या अगदी उलट. ठेंगणी, रुंद खांद्यांची, स्वतः इंजिनात कोपरापर्यंत हात घालणारी आणि तोंडाने फटकळ.

संघ चढत चढत अव्वल लीगमध्ये पोचला आणि मार्कस रूकने क्लब विकत घेतला. रूक लंडनकडचा, जमिनी आणि इमारतींच्या व्यवहारातला. क्लब घेतला तो कर्ज काढून, आणि ते कर्ज चढवलं क्लबच्याच डोक्यावर. वर आणखी खेळाडू आणले. एकेकाचा आठवड्याचा पगार साठ हजार पौंड. हेडनला तेवढे कमवायला तीन वर्षं लागत. तेव्हा कुणी काही विचारलं नाही. दर शनिवारी मैदान भरत होतं, मोठमोठे संघ आमच्या गावात येऊन खेळत होते, आणि गावातला प्रत्येक दुकानदार क्लबला उधारीवर माल देत होता.

एका सकाळी रूक स्वतः बसच्या आवारात आला. लांब कोट, पायात चिखल लागू नये म्हणून जपून टाकलेली पावलं. ग्लेनिसने त्याला मगमध्ये चहा दिला.

"आता आपण बड्यांच्यात खेळतोय," तो म्हणाला. "खेळाडूंना जुन्या बसमधून नेणं बरं दिसत नाही. नवी घ्या. चामड्याच्या खुर्च्या, आत छोटं स्वयंपाकघर. पाच वर्षांचं काम तुमचंच."

"आणि पैसे, रूकसाहेब?" ग्लेनिसने विचारलं. "मागचे तीन महिने यायचेत."

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही क्लबच्या घरातली माणसं. सीझन संपला की सगळं चुकतं करतो."

त्यांनी राहतं घर गहाण ठेवून दोन लाख ऐंशी हजारांची बस घेतली. हेडनने पहिल्या दिवशी मला तीत बसवून गावाला एक चक्कर मारून आणली. एवढा खुलून बोलताना मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढचे चौदा महिने क्लबकडून एक पेनी आली नाही. मी दर महिन्याला बिलं पाठवायची, मग आठवणीची पत्रं, मग फोन. तिकडून एकच उत्तर, पुढच्या आठवड्यात. फेब्रुवारीत क्लबने खेळाडूंचे पगार द्यायला पैसे नाहीत असं जाहीर केलं, आणि कारभार एका प्रशासकाच्या हाती गेला. लीगने गुण कापले, तेव्हाच संघ खाली घसरणार हे दिसलं. ओल्डरॉइडांचे क्लबकडे अडकलेले पैसे एक लाख चौदा हजार पौंड होते.

मार्चमध्ये बँकेची माणसं नवी बस न्यायला आली. ती सकाळी दहाला येणार होती. हेडन सातपासून बस धूत होता. आतल्या खुर्च्या पुसल्या, जमीन झाडली, काचा लख्ख केल्या. ग्लेनिस दारातून बघत होती.

"कुणासाठी एवढं घासतोयस?" तिने विचारलं.

"घाणेरडी बस मी कधी कुणाच्या हाती दिलेली नाही," तो म्हणाला.

बस गेली तसा तो आत येऊन खुर्चीत बसला आणि दुपारपर्यंत तसाच बसून राहिला. बासष्ट वर्षांचा होता. पुढच्या महिन्यापासून तो एका गोदामात खोकी भरायला जाऊ लागला.

मग प्रशासकाचा प्रस्ताव आला, चौऱ्याण्णव पानांचा. फुटबॉलच्या लीगचा तेव्हा एक नियम होता: क्लब बुडाला तरी खेळाडूंचे आणि दुसऱ्या क्लबांचे पैसे आधी, आणि पूर्ण द्यायचे. नाही तर लीगमध्ये जागा नाही. बाकीच्यांना उरलंसुरलं. त्या उरल्यासुरल्याचा भाव होता पौंडामागे दीड पेनी. सबंध सीझनमध्ये तीन गोल मारलेल्या एका खेळाडूला सव्वीस लाख मिळणार होते, अगदी शेवटच्या पेनीपर्यंत. हेडनला सतराशे दहा. मैदानावर जखमींना पट्ट्या बांधणाऱ्या स्वयंसेवकांना एकोणीस. आणि क्लब, मैदान, भोवतालची जमीन हे सगळं स्वस्तात विकत घेणारी कंपनी होती रूकचीच, दुसऱ्या नावाची.

त्याच आठवड्यात रूक रेडिओवर बोलला. आम्ही कचेरीत ऐकत होतो. निवेदिकेने गावातल्या छोट्या दुकानदारांचं काय, असं विचारलं.

तो म्हणाला, "ही माणसं क्लबची चाहती आहेत. धोका त्यांना ठाऊक होता. आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं फुकट तिकिटं घेऊन त्यांनी मजाही केली."

ग्लेनिसने रेडिओ बंद केला. हेडनने बावीस वर्षांत एकही सामना धड पाहिला नव्हता. सामना चालू असताना तो बसपाशी असे, आणि आपलं तिकीट दरवाजावरच्या कुणाला तरी देऊन टाकी.

"सू," ती म्हणाली, "हे चौऱ्याण्णव पानांचं चोपडं तू पूर्ण वाच. मला पैसे नकोत. मला हा माणूस पाहिजे."

मी तीन दिवस वाचत होते. एकाहत्तराव्या पानावर मला ती ओळ सापडली, म्हणून या गोष्टीत माझाही हात आहे. प्रस्तावाला घेणेकऱ्यांनी मतं द्यायची होती. सगळ्यांत मोठी घेणेकरी म्हणजे क्लबला कर्ज देणारी रूकचीच एक कंपनी होती, त्यामुळे पहिल्या मोजणीत तो सहज जिंकणार होता. पण कायद्याने दुसरी मोजणी होती, मालकाशी संबंध नसलेल्या बाहेरच्या घेणेकऱ्यांची. त्यांचं येणं दोन कोटी पौंड. त्यातल्या निम्म्याहून जास्त रकमेचे लोक 'नाही' म्हणाले, तर प्रस्ताव रद्द, क्लब मोडीत, आणि रूकच्या हाती काही नाही. आणि जो मत देणार नाही, त्याचं न देणं रूकच्याच पथ्यावर पडणार.

"करखात्याचं येणं शहाऐंशी लाख," मी सांगितलं. "ते नाही म्हणणार, हे त्यांनी जाहीर केलंय. आपल्याला वर चौदा लाखांहून जास्त हवेत. गावातल्या सगळ्या छोट्या लोकांचं मिळून येणं आहे पंधरा लाख तीस हजार."

"म्हणजे जवळजवळ सगळे."

"जवळजवळ सगळे."

"किती माणसं?"

"एकशे सतरा."

तिने किल्ल्या उचलल्या. "आज बुधवार. फुलवालीपासून सुरू करू."

पुढचे सहा आठवडे तिने 'नाही'च्या मतपत्रिका घेऊन गाव पालथं घातलं. फुलवाल्या ब्रेंडाचे आठशे पौंड होते. ती म्हणाली, "आठशेंसाठी कुठे भांडत बसू, ग्लेनिस?" ग्लेनिस म्हणाली, "भांडू नकोस. सही कर." खाटीक विल्फ हार्गरीव्हचे बेचाळीस हजार. तो म्हणाला, "माझे सहाशे तीस तरी येतायत. तू म्हणतेस त्यात काय येईल?"

"काही येणार नाही," ग्लेनिस म्हणाली. "पण त्यालाही काही मिळणार नाही."

विल्फने सुरी पुसली, थोडा विचार केला आणि हसला. "आण तो कागद. गेल्या वर्षभरात ऐकलेली ही पहिली प्रामाणिक ऑफर आहे."

सगळेच असे नव्हते. छपाईवाल्याने दार लावून घेतलं. रंगवाला म्हणाला, "क्लब मेला तर माझ्या बापाने मैदानात घालवलेल्या साठ वर्षांचं काय?" ग्लेनिस त्याच्याशी खोटं बोलली नाही. ती पुढच्या दाराकडे वळली. सह्या केलेले कागद ती बिस्किटांच्या डब्यात ठेवायची आणि डबा गाडीत शेजारच्या सीटवर पट्टा लावून न्यायची.

ही कुजबुज रूकपर्यंत पोचली. मेच्या शेवटी तो पुन्हा आवारात आला. या वेळी तिने चहा विचारला नाही. मी टेबलाशी होते. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी नसल्यासारखं बोलू लागला.

"एक लाख चौदा हजार," तो म्हणाला. "पूर्ण. शुक्रवारी तुमच्या खात्यात. तुम्ही फक्त तो डबा घरी ठेवायचा."

असं एकालाच गुपचूप चुकतं करणं गुन्हा होता, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. घराच्या हप्त्यांची बँकेची दुसरी नोटीस माझ्यासमोरच्या फाइलमध्ये होती.

"आणि ब्रेंडाचे आठशे?" ग्लेनिसने विचारलं.

"ब्रेंडा कोण?"

"स्टेडियमच्या दारात फुलं लावायची ती."

"मला सगळ्यांचं बघता येणार नाही."

"मला पैसे हवे होते तेव्हा तुम्ही दिले नाहीत, रूकसाहेब. आता मला दुसरं काही हवंय."

"काय?"

"तुम्ही दिवाळखोर झालेले बघायचंय. पायातल्या बुटांसकट सगळं गेलेलं."

तो उठला. दारात हेडन उभा होता, गोदामाच्या निळ्या सदऱ्यात. त्याने बाजूला सरून रूकला वाट करून दिली. गाडी निघून गेल्यावर तो म्हणाला, "घर वाचलं असतं, ग्लेन."

"हो."

"बरं," हेडन म्हणाला, आणि त्याने चहाचं पाणी ठेवलं.

मतदानाला चार दिवस उरले तेव्हा डब्यात तेरा लाख बावन्न हजारांचे कागद होते. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी साफ नाही म्हटलं होतं. एक मोठं नाव राहिलं होतं, आणि ते तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तिचा धाकटा भाऊ क्लिफ. तो नळकाम करायचा, मैदानावरच्या नव्या प्रेक्षक-स्टँडमधली सगळी नळजोडणी त्याची, आणि त्याचे एकसष्ट हजार बुडाले होते. पण क्लिफ सातव्या वर्षापासून दर शनिवारी मैदानात जाणारा माणूस. आधी वडिलांबरोबर, मग एकटा, मग मुलींना घेऊन. बायकोच्या बाळंतपणात त्याचा एक सामना चुकला होता, आणि कुठला ते तो तारखेसकट सांगायचा.

ती मला घेऊन त्याच्या घरी गेली. तो मागच्या अंगणात वाफे खुरपत होता.

"नाही," तो तिला बघताच म्हणाला.

"मी अजून काही विचारलंच नाही."

"गावभर विचारत फिरतेयस. ग्लेन, क्लब खाली गेला तर वर येईल. विकला गेला तर परत कुणी घेईल. पण तू म्हणतेस तसं झालं तर संपलाच. मैदान विकलं जाईल. आपल्या बाबांची राख त्या गोलच्या मागे टाकलीय, विसरलीस?"

"विसरले नाही. ती जमीन रूक अडीच पैशांत घेतोय, हे तू विसरलास."

"घेऊ दे. खेळ तर चालू राहील."

"कुणाच्या जिवावर? हेडन खोकी भरतोय, क्लिफ."

"हेडनचं वाईट वाटतं मला. पण मी माझ्या हाताने क्लबचा गळा दाबणार नाही."

मग ती जे बोलली ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

"तुझा पहिला धंदा बसला तेव्हा आम्ही तुला अठ्ठावीस हजार दिले. कागद केला नाही. अकरा वर्षं झाली, मी एकदाही काढलं नाही. आज काढते. पैसे नकोत. सही दे."

क्लिफचा चेहरा उतरला. त्याने हात पँटला पुसले. "रूक तुला म्हणाला होता ना, तुम्ही घरातली माणसं?"

"म्हणाला होता."

"तू त्याच्यापेक्षा वेगळं काय करतेयस?"

"मी दिले होते," ती म्हणाली. "त्याने दिले नाहीत."

त्याने गाडीच्या टपावर कागद ठेवून सही केली. पेन तिच्याकडे परत देताना म्हणाला, "झालं. हिशेब मिटला. आता या घरी येऊ नकोस."

परतताना सिग्नलला थांबलो तेव्हा तिने विचारलं, "किती झाले?"

"चौदा लाख तेरा हजार."

"मग पुरे," ती म्हणाली.

मतमोजणी रेल्वे स्टेशनसमोरच्या हॉटेलात झाली. रूक पहिल्या रांगेत, दोन वकिलांच्या मधे. ग्लेनिसने डबा प्रशासकाच्या टेबलावर ठेवून झाकण काढलं. वकिलांनी एकेक कागद तपासला. एका सहीवर हरकत घेतली, ती ब्रेंडाची, अक्षर वाकडं म्हणून. ब्रेंडा मागून उठून आली आणि त्यांच्यासमोर पुन्हा सही करून दाखवली. दोन तास लागले. मग प्रशासकाने चष्मा काढला आणि प्रस्ताव तेरा हजार पौंडांच्या फरकाने नामंजूर झाल्याचं सांगितलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागे कुणीतरी रडत होतं. रूकने वळून सभागृहात पाहिलं, आणि ग्लेनिस त्याच्याकडे बघत राहिली, तो दाराबाहेर जाईपर्यंत.

ऑगस्टमध्ये क्लबला कुलूप लागलं. कंपनी मोडीत काढायला कोर्टाने अधिकारी नेमला. त्यानंतरचं वर्ष ग्लेनिसला सोपं गेलं नाही. बसच्या फाटकावर लाल रंगाने शिवी लिहिली गेली. ती तिने पुसली नाही. पावाच्या दुकानातली बाई तिला सगळ्यांत शेवटी पाव द्यायची. घर बँकेने घेतलं, उरलेल्या बसही विकाव्या लागल्या, आणि दोघं बाजारातल्या लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्यांत राहायला गेली. मी तिथेही जायची, हिशेब नव्हता तरी.

त्या अधिकाऱ्याने मात्र रूकची वहीन् वही उघडली. क्लब बुडण्याआधीच्या तीन महिन्यांत चाळीस लाख पौंड रूकच्या बायकोच्या नावावरच्या कंपनीत गेले होते. प्रकरण लंडनच्या कोर्टात उभं राहिलं. बसच्या आवारातली ती 'पूर्ण रक्कम' मी साक्षीत सांगितली. रूकचा वकील म्हणाला, "बाई, तुम्हाला इंग्रजी नीट समजतं ना?" मी म्हटलं, "आकडे तर फारच नीट समजतात." ग्लेनिस मागे मोठ्याने हसली आणि न्यायाधीशाने तिला समज दिली.

सुनावणी चार दिवस चालली. चारही दिवस ती पहिल्या बाकावर बसून होती, शिदोरीत सँडविच बांधून. तिसऱ्या दिवशी बाहेरच्या वऱ्हांड्यात रूक तिच्यासमोरून गेला, थांबला आणि म्हणाला, "आपण वर्तमानपत्राकडून आलात का?" तिचा चेहराही त्याच्या लक्षात नव्हता. दिवाळखोर झालेलं बघायचंय असं तिने त्याला तोंडावर सांगितलं होतं, तरीही.

"नाही," ती म्हणाली. "मी बसवाली."

मग त्याला आठवलं. ते मी त्याच्या तोंडावर पाहिलं.

रूकला अकरा वर्षं कुठलीही कंपनी चालवायला बंदी झाली. चाळीस लाख परत करायचा हुकूम झाला, त्यात त्याचं तलावाकाठचं घर गेलं. कोर्टाचा खर्च आणि सरकारी देणी भागल्यावर आमच्या लोकांच्या वाट्याला पौंडामागे पाऊण पेनी आली. हेडनच्या नावाने आठशे पंचावन्न पौंडांचा चेक आला. त्यातले सहाशे लंडनच्या फेऱ्यांत आधीच खर्च झाले होते. विल्फ खाटीक तीनशे पंधराचा चेक दुकानात काचेवर चिकटवून बसला होता आणि गिऱ्हाइकांना दाखवायचा, "हे बघा, जगातलं सगळ्यांत महाग मटण."

गावातल्या लोकांनी वर्गणी काढून नवा क्लब सुरू केला. तो शाळेच्या मैदानावर खेळतो, लीगच्या आठ पायऱ्या खाली. क्लिफ त्याचे नळ फुकट बघतो. जुन्या मैदानावर आता घरं आहेत.

हेडन सहा वर्षांनी गेला, हृदयाच्या झटक्याने, गोदामातून घरी येताना. चर्चमधल्या त्याच्या अंत्यविधीला संघाचे जुने खेळाडू आले, खालच्या लीगमधले, आता पोट सुटलेले. क्लिफही आला. मागच्या बाकावर बसला, प्रार्थना संपल्यावर शवपेटीवर हात ठेवला आणि बहिणीकडे न बघता निघून गेला.

त्या दुपारी, सगळे चहा पिऊन गेल्यावर, मी ग्लेनिसला विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"पुन्हा वेळ आली तर?"

ती बशा आवरत होती. "तर हेच," ती म्हणाली. "क्लिफचं मला रोज लागतं, सू. रोज. पण रूकच्या घरावर 'विकणे आहे' अशी पाटी लागली ना, तेव्हा मी तिथपर्यंत बसने जाऊन ती बघून आले होते. तुला सांगितलं नाही. फाटकासमोर उभं राहून सगळं सँडविच खाल्लं. असं चविष्ट सँडविच मी आयुष्यात खाल्लं नाही."

तिने उरलेला केक कागदात बांधून माझ्या हातात दिला आणि खिडकी उघडली, खालच्या लॉन्ड्रीची वाफ वर येत होती.